समस्थानिक शिकवणाऱ्या बाई

आमच्या शाळेत बाई एकच होत्या. बाकी आम्ही सगळ्या मॅडम होतो.

हे कसं झालं ते मला सांगता येणार नाही. मी शाळेत लागले तेव्हापासून तसंच होतं. गणिताच्या मॅडम, चित्रकलेच्या मॅडम, मी विज्ञानाची मॅडम. पण "बाईंनी बोलावलंय" असा निरोप आला की कोणत्या बाईंनी, असं कुणी विचारत नसे. एकदा मी नववी अ च्या वर्गात सहज सांगून पाहिलं, मलाही बाई म्हटलेलं चालेल. मुलांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅडम. एक साधा शब्द, अख्ख्या महाराष्ट्राचा, तो या बाईंनी एकट्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बाईही विज्ञानच शिकवायच्या. नववी अ माझी, नववी ब त्यांची. मध्ये एक भिंत. ती कशी बांधली होती कोण जाणे, माझा आवाज त्या भिंतीपलीकडे जात नसे आणि त्यांचा मात्र सगळाच्या सगळा अलीकडे येई.

उंच, हाडापेरानं मजबूत, अंगावर नायलॉनची साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. ऊन असो, पाऊस असो, हातात काळी पुरुषी छत्री. राहायच्या हुपरीला, भावांच्या घरी. घरात चांदीचं काम, भाऊ, वहिन्या, भाचे सगळे पैंजण करणारे, आणि बाईंच्या अंगावर चांदीचा एक तुकडा नाही. लग्न केलं नव्हतं. नव्यानं आलेल्या कुणी कारण विचारलंच तर म्हणायच्या, वेळच मिळाला नाही. रोज एसटीनं यायच्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या मुलीचं लग्न कुठं मोडलं आणि का मोडलं, हे प्रार्थनेच्या घंटेआधी स्टाफरूममध्ये सांगून संपवायच्या. बोलणं अस्सल कोल्हापुरी, तेही इथल्या बायका बोलतात तसं, स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" असं. मी लग्न होऊन पुण्याकडून इथं आलेली. पहिल्या वर्षी मला ते ऐकून हसू यायचं. पुढं लक्षात आलं की वर्गातल्या मुलांना माझंच बोलणं ऐकून हसू येतं.

घरचे जैन. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही, हा नेम बाईंनी कधी मोडला नाही आणि कधी लपवलाही नाही. स्नेहसंमेलन असो, पालकसभा असो, बाई एकदा खिडकीबाहेर बघायच्या, पिशवीतून डबा काढायच्या आणि तिथंच उघडायच्या. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात एकाच विषयाची म्हणून भाषण मला करायला लावलं होतं. मी आठवडाभर खपून ते लिहिलं होतं, चांगलं झालं होतं. मी मधल्या परिच्छेदात असताना व्यासपीठावर डब्याचं झाकण वाजलं. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, शेजारी बसलेल्या हेडसरांपुढं डबा सरकवला आणि हेडसरांनीही एक घास घेतला. सगळं सभागृह हसलं, मग टाळ्या झाल्या. माझं भाषण मी पूर्ण केलं. ते कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. तो डबा सगळ्यांना आठवतो.

माणसांना त्या नंबर द्यायच्या. मूलद्रव्यांचे अणुअंक. तापट हेडसर म्हणजे ऐंशी, कारण ऐंशी नंबरचा पारा, आणि तो केव्हा चढेल सांगता येत नाही. ऑफिसातले हेडक्लार्क दहा, म्हणजे निऑन, कशावरही काही परिणाम न होणारे. आमचे शिपाईमामा आठ, ऑक्सिजन, ते रजेवर गेले की शाळेचा जीव गुदमरायचा. "ऐंशी आज गरम हाय, रजेचा अर्ज उद्या द्या," असं त्या मला सांगायच्या, आणि ही भाषा स्टाफरूममध्ये आम्हा दोघींनाच कळायची, याचं मला बरंही वाटायचं. एकदा मी विचारलं, आणि मी कितवी?

"नऊ," त्या लगेच म्हणाल्या.

नऊ म्हणजे फ्लोरीन. शेजारच्या अणूचे इलेक्ट्रॉन आपल्याकडं ओढून घ्यायला सगळ्यांत हपापलेलं मूलद्रव्य. आवर्तसारणीत त्याच्यासारखं दुसरं नाही. माझा चेहरा बघून बाईंनाच काहीतरी वाटलं असावं.

"वाईट न्हवं ते," त्या म्हणाल्या. "दात त्याच्यावरच टिकत्यात."

आता बाई शिकवायच्या कशा, ते सांगायला हवं, कारण माझं खरं दुखणं तिथं होतं.

माझा फळा शाळेत नाव घेण्यासारखा. अक्षर मोत्यासारखं, आकृती पट्टीनं काढल्यासारखी, रंगीत खडूंचे प्रोटॉन तांबडे, न्यूट्रॉन निळे. व्याख्या अशा की मुलांनी नुसत्या उतरवून घ्याव्यात. बाईंच्या फळ्यावर एखादा आकडा आणि चार रेघा असायच्या, त्याही तिरक्या. अणूच्या केंद्रात प्रोटॉन किती, तो अणुअंक. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती, तो अणुवस्तुमानांक. हे मी एका तासात शिकवत असे आणि दुसऱ्या तासाला निम्म्या वर्गाची त्यात गल्लत होत असे. बाई पहिल्याच दिवशी विचारायच्या, तुमच्यातल्या किती जणांचं आधार कार्ड हाय? सगळ्यांचं असायचं. मग त्यातला नंबर दिवाळीत बदलतो का? मुलं हसायची. आणि वजन? ते बदलतं. "झालं तर," बाई म्हणायच्या. "प्रोटॉन म्हणजे तुझा नंबर. त्यो एकानं वाढला की माणूसच दुसरा. न्यूट्रॉन वाढला तर माणूस त्योच, नुसती दिवाळी झालेला."

भिंतीपलीकडून हे मी ऐकलं आणि मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की इतकं सोपं मला का सुचलं नाही. दुसरं वाटलं, हे शास्त्रीय नाही. तिसरं वाटलं, तक्रार करावी का. तक्रार करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

शिवाय त्यांची एक रीत होती. ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना येत नाही असा प्रश्न जो विचारेल त्याला चिक्की. पर्समध्ये शेंगदाण्याच्या चिक्क्या कायम असायच्या. त्यामुळं नववी ब मधली मुलं रात्रंदिवस प्रश्न हुडकत असायची. माझ्या वर्गात मला न येणारा प्रश्न कधी कुणी विचारला नाही. कित्येक वर्षं मी ते माझं यश समजत होते.

पैंजणांचा तास झाला त्या दिवशी मी कार्बनचे समस्थानिक शिकवत होते. समस्थानिक म्हणजे अणुअंक तोच पण वस्तुमान वेगळं असे एकाच मूलद्रव्याचे अणू. कार्बन बारा, तेरा, चौदा. तिन्ही आकृत्या फळ्यावर इतक्या नेटक्या आल्या होत्या की मीच मागं सरून बघत होते. तेवढ्यात पलीकडून आवाज सुरू झाला. आधी एकदोन घुंगरू, मग सगळीकडूनच. आमच्या शाळेत मुलींनी पैंजण घालून यायचं नाही असा नियम होता. बाईंनी आदल्या दिवशी आपल्या वर्गाला सांगितलं होतं, उद्या पैंजण घालून या, आणि ज्या पोरांना बहीण असंल त्यांनी तिचं घेऊन या.

"चांदीचा नंबर किती?" बाईंचा आवाज.

"सत्तेचाळीस!" सगळा वर्ग.

"पुस्तकात वजन किती दिलंय?"

"एकशे आठ!"

"मग आता ह्या सगळ्या पैंजणांत एकशे आठ वजनाचा एक अणू मला हुडकून दाखवा."

पलीकडं शांतता झाली. माझ्या वर्गातही झाली, कारण माझी मुलंही आता तेच ऐकत होती.

"दमशीला हुडकून," बाई म्हणाल्या. "एक पण न्हाय. आमच्या हुपरीत जेवढी चांदी हाय त्यात एक न्हाय. निम्म्याहून जरा जास्त अणू एकशे सातचे, बाकीचे एकशे नऊचे. सोनाराला कळत न्हाय, घालणारीला कळत न्हाय, कारण नंबर दोघांचा सत्तेचाळीस. एकशे आठ ही दोघांची सरासरी. ती पुस्तकात राहती. पैंजणात राहत न्हाय."

हे सगळं खरं होतं. एम. एस्सी.ला मीही ते वाचलं होतं. पण वीस पावलांवर हुपरीच्या बाई असताना आणि वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी पैंजण असताना दरवर्षी कार्बनच शिकवत आले होते.

मग हेडसरांचे बूट वाजले. पैंजणांचा आवाज ऑफिसपर्यंत गेला होता. ते नववी ब च्या दारात उभे राहिले आणि हे काय चाललंय म्हणून गरजले. हेडसर मूळचे हिंदीचे शिक्षक. बाईंनी एका मुलीचं पैंजण त्यांच्या हातात दिलं आणि शांतपणे विनंती केली, सर, कानाजवळ धरून बघा, एकशे सातचा आवाज कुठला आणि एकशे नऊचा कुठला, फरक लागतो का. आणि हेडसरांनी ते कानाजवळ धरलं. हलवून बघितलं. दोनदा बघितलं. नाही लागत, म्हणाले.

"न्हाईच लागणार," बाई म्हणाल्या. "ह्यालाच समस्थानिक म्हणायचं. लिहून घ्या रे."

दोन्ही वर्ग एकदम हसले. माझी मागच्या बाकावरची मुलं तोपर्यंत दारात जाऊन उभी होती. मी त्यांना जागेवर बसवलं आणि कार्बन चौदाच्या आकृतीतला एक न्यूट्रॉन पुसून पुन्हा काढला, तो चांगला आलेला असताना.

घटक चाचणीत समस्थानिकांचं उदाहरण विचारलं होतं. नववी अ मधल्या जवळजवळ सगळ्यांनी चांदी लिहिली. मी शिकवलेला कार्बन दोघातिघांनी. उत्तर बरोबर असल्यामुळं मला पूर्ण गुण द्यावे लागले.

ऋतुजा, माझी मुलगी, आमच्याच शाळेत होती. नववीत ती ब तुकडीत गेली. तुकड्या ऑफिस करायचं, त्यात माझा हात नव्हता. तिचे बाबा म्हणाले, बरं झालं, आईनं मुलीला शिकवू नये. मलाही ते तत्त्व म्हणून मान्य होतं. पण जेवताना "बाई म्हणाल्या" ऐकायला लागायचं. बाई म्हणाल्या, हायड्रोजनचे तीन भाऊ असतात, तिसरा जरा अस्थिर. बाई म्हणाल्या, आई, तुझ्या गळ्यातलं सोनं एकाच वजनाच्या अणूंचं असतं, चांदीसारखं नाही. मी विचारायचे, हा धडा मी घेऊ का तुझा? ती म्हणायची, नको, बाईंचं झालंय. तिच्या दप्तराच्या कप्प्यात चिक्कीचा कागद सापडला तेव्हा मला कळलं की बाईंना न येणारा प्रश्न तिनं विचारला होता. कोणता, ते तिनं मला सांगितलं नाही. मी तिला दोनदा विचारलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढं जे झालं ते तसं नव्हतं.

ऋतुजा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या गळ्यावर एक गाठ दिसली. तपासण्या झाल्या. थायरॉईडचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर व्हायचाच असेल तर त्यातल्या त्यात हा बरा. हे वाक्य त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं, पण त्यातला एकच शब्द आमच्या घरी आला. ऑपरेशन कोल्हापुरातच झालं, ग्रंथी काढली. उरल्यासुरल्या पेशींसाठी पुण्याला जाऊन किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं ठरलं. आयोडीनचा एक समस्थानिक, एकशे एकतीस वजनाचा. तो गिळायचा, मग काही दिवस एकटीनं एका खोलीत राहायचं, कुणी जवळ जायचं नाही.

त्याआधी, ऑपरेशननंतर सुरू केलेल्या तिच्या थायरॉईडच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्यामुळं ती सुजली होती, थंडी वाजायची, आवाज घोगरा झाला होता, कशावरूनही रडू यायचं. जेवणात आयोडीनचं मीठ नाही, दूध नाही, अंडी नाहीत, मासे नाहीत. मी बाजारात फिरून साधं, आयोडीन न घातलेलं मीठ शोधून आणलं. आणि एका दुपारी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मी विज्ञानाची शिक्षिका. कागद घेतला, आकृती काढली. बीटा किरण म्हणजे काय, गॅमा म्हणजे काय. अर्धआयुष्य म्हणजे किरणोत्सारी पदार्थ निम्मा व्हायला लागणारा काळ, त्याचा उतरता आलेखही काढला. एकही चूक केली नाही.

ती कागदाकडं बघत राहिली. मग भिंतीकडं तोंड करून झोपली. मी घेणार नाही ते, म्हणाली. विष आहे ते आणि तुम्ही त्याला औषध म्हणताय.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. बऱ्याच वेळानं ती तशीच, भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आई, बाईंना बोलव."

मुलगी आजारी आहे, घाबरली आहे, तिनं कुणाचं नाव घेतलं यानं काय फरक पडतो, असं कुणीही म्हणेल. मीही मला तेच सांगितलं. फरक पडला. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच. ऋतुजाचे बाबा येऊन म्हणाले, मी करू का फोन? मी म्हटलं, नको, मीच करते. दुसऱ्या कुणी केलेला मला चालला नसता.

बाई निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, हे त्यांच्या बाबतीत नवीन होतं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मिळंल त्या गाडीनं येतो."

आल्या. छत्री दाराशी टेकवली, बूट काढले, सरळ आत जाऊन ऋतुजाच्या पलंगावर बसल्या. पाठीवरून हात फिरवणं वगैरे काही नाही.

"आईनं सांगितलं न्हवं सगळं?"

ऋतुजा हो म्हणाली.

"मग बरोबरच सांगितलं असणार. तुला अडलंय कुठं?"

मी त्या आकृतीत, आलेखात काय काय घातलं होतं, पण तिला कुठं अडलंय हे विचारलं नव्हतं. ऋतुजा उठून बसली. म्हणाली, ते गिळल्यावर अंगभर जाणार. मग ते नेमकं गळ्यातच काम करणार हे त्याला कसं कळणार? वाटेत सगळं जाळत नाही का जाणार?

"मिठातल्या आयोडीनचा नंबर किती?"

"त्रेपन्न."

"आणि पुण्यात देणार त्याचा?"

"त्रेपन्नच."

"वजन?"

"मिठातल्याचं एकशे सत्तावीस. हे एकशे एकतीस."

"म्हणजे न्यूट्रॉन चार जादा. आता ऐक. पेशीला न्यूट्रॉन कळत न्हाईत, ऋतू. तिला नंबरच कळतोय. गळ्याची पेशी जन्मापासून त्रेपन्न नंबरवर जगलेली. त्यो आला की आपला म्हणून आत ओढणार. हाताच्या, पायाच्या पेशींना आयोडीन लागतच न्हाय, त्या घेणार न्हाईत. थोडं लाळेच्या गाठींत जातंय, म्हणून तुला चघळायला आंबट गोळ्या देतील. बाकीचं लघवीतनं जाईल. आणि ऑपरेशनात मागं राहिलेली जी पेशी हाय, ती गळ्याचीच की. ती उपाशी हाय. म्हणून तर आईनं तुला बिनआयोडीनचं जेवण लावलंय. ती हे गपकन घेणार. मग आत गेल्यावर त्यो अणू फुटतोय, कारण त्या वजनाला त्यो टिकत न्हाय. जिनं ओढून घेतला तीच मरती."

ऋतुजानं गळ्यावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे तिला फरक कळत नाही, म्हणून."

"म्हणून."

मी दारात उभी होते. हे सगळं मला येत होतं. प्रत्येक शब्द मला येत होता. अणुअंक तोच, म्हणून रासायनिक गुणधर्म तेच, हे वाक्य मी वीसेक वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, खाली तांबड्या खडूनं रेघ मारून. त्या वाक्यावर माझ्या मुलीचा जीव टांगलेला होता आणि ते तिच्यापर्यंत दुसऱ्या बाईच्या तोंडून गेलं. माझी मुलगी सावरली याचा आनंद झाला, खोटं नाही. पण त्या आनंदाच्या शेजारीच हेवा बसला होता, आणि तो इतका मोठा होता की मला माझीच भीती वाटली.

ऋतुजानं विचारलं, मग मी किरणोत्सारी होणार म्हणजे लोकांना माझ्यापासून धोका?

बाई म्हणाल्या, किरणं थोडी बाहेर पडतात, म्हणून काही दिवस लांब बसायचं. रोज कमी होत जातात. आईनं तो आलेख काढलाय तो नीट बघ, मला असा कधी काढता आला नाही. आणि त्यांनी माझा कागद उचलून तिच्या मांडीवर ठेवला. ती तो बघायला लागली.

मग तिनं विचारलं, "बाई, परत आला तर?"

बाईंनी पर्स उघडली. आत हात घालून चाचपत राहिल्या आणि एक चिक्की काढून पलंगावर ठेवली.

"हे मला म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या.

ऋतुजा हसली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसता तिनं माझ्याकडं पाहिलं. बाईंनीही पाहिलं. आता उत्तर मला द्यायचं होतं आणि माझ्याकडं आकृती नव्हती.

"परत आला तर परत पुण्याला जाऊ," मी म्हटलं. "मी रजा काढीन."

ऋतुजानं मान हलवली. बाईंनीही हलवली, वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलीला हलवतात तशी. मला त्याचाही राग आला. मी विचारलं, चिक्कीत मीठ नाही ना?

"गूळ आणि शेंगदाणं," बाई म्हणाल्या. "वाचूनच घेतलीया."

पुण्याला सगळं नीट पार पडलं. ती त्या खोलीत एकटी, आम्ही बाहेर. घरी आल्यावरही काही दिवस मागच्या खोलीत वेगळं राहायचं होतं, तिची ताट-वाटी वेगळी, टॉवेल वेगळा. मी बोळात खुर्ची टाकून बसायचे. जेवण दाराशी ठेवायचं आणि मागं सरायचं. मुलगी समोर असून तिच्या केसांना हात लावता येत नाही, हे ज्याच्यावर आलं नाही त्याला सांगून कळणार नाही. बाईंचा रोज दुपारी फोन यायचा. बंद दाराआडून ऋतुजाचं हसू ऐकू यायचं. मी खुर्चीत बसून ते ऐकायचे. फोनवर लांब बसावं लागत नाही, एवढंच मला वाटायचं.

ऋतुजा आता बरी आहे. सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, ती जन्मभर घ्यायची आहे. तपासण्या होतात, आजवर सगळ्या चांगल्या आल्या. गळ्यावरची रेघ निरखून बघितली तरच दिसते. बाई हुपरीलाच आहेत. भाच्यांच्या दुकानात बसतात आणि गिऱ्हाइकांना पैंजण विकण्याआधी दोन प्रकारच्या अणूंबद्दल सांगतात, त्यामुळं भाचे वैतागलेत असं ऐकते.

मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले होते. आजपासून जवळ गेलं तरी चालेल, असं फोनवर पुन्हा विचारून घेतलं होतं. बाईंना हे ऋतुजानंच कळवलं असणार, कारण मी पोळ्या करत होते तेवढ्यात दाराची बेल वाजली आणि दारात बाई. मी त्यांना या म्हटलं. मनात म्हटलं, आजच का. आज तरी नको होतं. त्या हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. मी हात पुसत बाहेर आले. आता मागच्या खोलीचं दार उघडेल, मुलगी बाहेर येईल, आणि आम्ही दोघी समोर उभ्या असणार. ती कुणाकडं जाईल याचा मी विचार करत होते. माझ्या वयाची बाई, पोटच्या मुलीबद्दल हा विचार करत होती.

दार उघडलं. ऋतुजा आली, क्षणभर थांबली आणि सरळ माझ्याकडं आली. इतकी घट्ट बिलगली की मला मागं भिंतीला टेकावं लागलं. तिचे केस मी किती दिवसांनी हुंगले. रडू आलं, दोघींनाही. आणि तिच्या खांद्यावरून मी काय केलं, तर बाईंकडं पाहिलं. त्यांनी बघावं म्हणून. एवढं एक त्यांनी बघितलंच पाहिजे, असं मला वाटलं.

बाई आमच्याकडं पाठ करून खिडकीत उभ्या होत्या आणि खाली कुणाला तरी मोठ्या आवाजात झापत होत्या. "ओ पावणं, फाटकापुढं गाडी लावायची का? माणसांनी जायचं कसं? काढा की ती!" ऋतुजाला हसू आलं. ती मला सोडेना. मीही तिला सोडलं नाही. बाईंचं भांडण लांबत गेलं आणि त्या काही वळल्या नाहीत.

मग आम्ही वेगळ्या झालो. ऋतुजा तोंड धुवायला गेली. मी डोळे पुसले आणि बाईंच्या शेजारी खिडकीत जाऊन खाली पाहिलं. रस्ता मोकळा होता. फाटकासमोर गाडी नव्हती, माणूस नव्हता, समोरच्या दुकानाचं शटरही अजून उघडलं नव्हतं.

"गेला बघा," बाई म्हणाल्या, आणि चहा टाकताय काय म्हणून विचारत स्वयंपाकघराकडं वळल्या.

मी तिथंच उभी राहिले. मुलगी माझ्याकडं आली होती, आणि तरी मला त्या बाईचाच हेवा वाटत होता.